उंचावलेल्या पिकअप ट्रकमधील असमान उंची

पिकअप ट्रकचे सस्पेन्शन मूळ रचनेपेक्षा उंच केल्यानंतर गाडी डावीकडे, उजवीकडे किंवा एखाद्या कोपऱ्यात झुकलेली दिसणे, या दोषास असमान उंची असे म्हणतात. गाडी उंच करण्याच्या कामाला गॅरेजच्या भाषेत 'लिफ्ट करणे' म्हणतात. अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या देशांत ही पद्धत विशेष रुळलेली आहे. मोठे टायर बसावेत, खडबडीत रस्त्यावर गाडीचे पोट घासू नये किंवा गाडी रुबाबदार दिसावी, अशा हेतूंनी ती केली जाते. नंतर आढळणारा कल कधी जोडणीतील चुकीमुळे, कधी जुन्या दोषामुळे, तर कधी गाडीच्या वजनाच्या नैसर्गिक विभागणीमुळे असतो. कारण न शोधता खालच्या बाजूला आणखी एक स्पेसर घातल्यास कल दिसेनासा होतो. परंतु तडा गेलेला पाटा किंवा निखळलेली बैठक तशीच राहते. म्हणून या दोषाच्या बाबतीत दुरुस्तीपेक्षा निदान अधिक महत्त्वाचे ठरते.

उभी उंची व तिचे मापन

गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या वजनाखाली, स्थिर उभी असताना तिचा सांगाडा चाकांच्या तुलनेत ज्या उंचीवर असतो, ती तिची उभी उंची होय. ती मोजण्याची सोपी रीत म्हणजे चाकाच्या केंद्रापासून सरळ वर, चाकावरील पत्र्याच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर घेणे. जमिनीपासून कमानीपर्यंतचे अंतर घेतल्यास टायरमधील हवा व टायरची झीज हे दोन्ही घटक मापात मिसळतात आणि दोष नेमका कोठे आहे हे कळत नाही.

पत्र्याची कमान स्वतःच वाकलेली असू शकते. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाड्यांत हे वारंवार आढळते. त्यामुळे दुसरे माप थेट चासीपासून घ्यावे लागते. काही निर्माते यासाठी निश्चित बिंदू ठरवून देतात. उदाहरणार्थ, जनरल मोटर्सच्या पिकअपमध्ये पुढील उंची खालच्या कंट्रोल आर्मची बिजागरी व त्याच आर्मचा बॉल जॉइंट यांच्या पातळ्यांतील अंतरावरून ठरवितात.

मापनापूर्वी पुढील गोष्टी पाळाव्या लागतात :

• जमीन खरोखर सपाट असावी. बहुतेक अंगणांना व वाहनतळांना पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. खात्रीसाठी एकदा मापे घेऊन गाडी उलट दिशेने उभी करावी व पुन्हा मापे घ्यावीत. कल गाडीची दुसरी बाजू धरून बसला, तर दोष जमिनीचा आहे.
• चारही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत आणि त्यांत योग्य हवा असावी.
• हौद्यातील सामान काढून ठेवावे व इंधनाची पातळी नोंदवावी.
• जॅकवरून उतरविलेली गाडी काही मीटर मागेपुढे चालवावी व प्रत्येक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडावा. जॅकवर असताना चाके आत ओढली गेलेली असतात. ती मूळ जागी सरकेपर्यंत गाडी खोटी उंच दिसते.

डाव्या व उजव्या बाजूंत काही मिलिमीटरचा फरक कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीतही असतो. दोन चाकांतील अंतर 1,600 मिमी असेल, तर 16 मिमीच्या फरकाने गाडी जेमतेम अर्ध्या अंशाहून थोडी अधिक कलते. तरीही मागून पाहणाऱ्याला ते जाणवते. लिफ्टनंतर मालक गाडीकडे अधिक बारकाईने पाहू लागतो, हेही तक्रारी वाढण्याचे एक कारण आहे.

लिफ्टपूर्वीच्या मापांचे महत्त्व

लिफ्ट करण्यापूर्वीची चार मापे हा निदानाचा पाया आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. लिफ्टपूर्वी पुढील डावे माप 500 मिमी व उजवे 508 मिमी होते. लिफ्टनंतर ती अनुक्रमे 548 व 560 मिमी झाली. आताचा फरक 12 मिमी असला, तरी त्यातील 8 मिमी आधीपासूनच होता. नव्या कामाने डावी बाजू 48 व उजवी 52 मिमीने उचलली. म्हणजे कामाचा वाटा केवळ 4 मिमी आहे. पहिली मापे नसती, तर संपूर्ण दोष नव्या सुट्या भागांच्या माथी मारला गेला असता.

उंचावण्याच्या प्रमुख पद्धती

पिकअपच्या मागील बाजूस बहुधा अखंड ॲक्सल व कमानपाटे असतात. ते उंच करण्यासाठी ॲक्सल व पाट्यांच्या मध्ये ठोकळा घालतात, पाट्यांच्या संचात एखादा पाटा वाढवितात, अधिक कमान असलेले नवे पाटे बसवितात किंवा लांब शॅकल वापरतात.

पुढील बाजूस तीन रचना आढळतात. पहिली, स्वतंत्र सस्पेन्शन व कॉइल स्प्रिंग. टोयोटाच्या 1995 पासूनच्या टॅकोमा मालिकेत ती आहे. दुसरी, स्वतंत्र सस्पेन्शन व टॉर्शन बार. जनरल मोटर्सने 1988 साली आणलेल्या पिकअप पिढीच्या चारचाकी-चालन गाड्यांत ती वापरली होती. टॉर्शन बार म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा. तिसरी, अखंड पुढील ॲक्सल; फोर्डच्या सुपर ड्यूटी मालिकेतील चारचाकी-चालन गाड्यांत हा ॲक्सल आरंभी पाट्यांवर व 2005 पासून कॉइल स्प्रिंगवर आहे.

कल व सांगाडा यांचा संबंध

चासी पूर्णपणे ताठ आहे असे मानले, तर सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा डावा-उजवा कल पुढे व मागे सारखाच असतो. कारण ताठ वस्तू पुढे एका कोनात व मागे दुसऱ्या कोनात झुकू शकत नाही. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, मागील बाजू कललेली दिसते एवढ्यावरून मागील पाट्यांना दोषी ठरविता येत नाही; मूळ दोष पुढील स्प्रिंगमध्ये असू शकतो. दोन, पुढचा व मागचा कल परस्परांपासून बराच भिन्न असेल, तर चासीचा पीळ, बॉडीखालील रबरी बैठका किंवा टायर यांच्याकडे संशय वळतो. प्रत्यक्ष पिकअपची चासी काहीशी लवचीक असते, म्हणून हा नियम स्थूलमानाने लागू पडतो.

एका कोपऱ्यातील बदल चारही कोपऱ्यांत वाटला जातो. चारही स्प्रिंग सारख्या ताकदीच्या व वजन समान वाटलेले आहे असे आदर्श गणित मांडले आणि एकाच कोपऱ्यातील स्प्रिंग 20 मिमीने उचलली, तर तो कोपरा 15 मिमी वर येतो, शेजारचे दोन्ही कोपरे 5 मिमी वर येतात आणि कर्णाच्या टोकाचा कोपरा 5 मिमी खाली जातो. त्यामुळे एका चाकापाशी केलेली दुरुस्ती त्या एकाच चाकाच्या मापावरून तपासता येत नाही. प्रत्येक वेळी चारही मापे नव्याने घ्यावी लागतात.

कारणे

कॉइल स्प्रिंग : अनेक गाड्यांत डाव्या व उजव्या स्प्रिंग वेगळ्या असतात आणि त्यांची अदलाबदल झाल्यास कल येतो. स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीतील खाचेत न बसणे, रबरी गादी एका बाजूस राहून जाणे, तसेच उंची बदलता येणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरवरील कडी दोन बाजूंना वेगवेगळ्या खाचेत बसणे, या नेहमीच्या चुका आहेत. येथे एक प्रमाण लक्षात ठेवावे लागते. शॉकॲब्सॉर्बर व स्प्रिंगची जोडी कंट्रोल आर्मच्या साधारण मध्याजवळ टेकलेली असल्याने तिच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना 25 मिमीचा स्पेसर घातल्यास गाडी पुढून सुमारे 50 मिमी उंच होते. माथ्यावरील लहान चूकही चाकापाशी जवळजवळ दुप्पट होऊन दिसते.

टॉर्शन बार : हे दांडे घडविताना त्यांना विशिष्ट दिशेने पीळ दिलेला असतो. त्यामुळे डावा दांडा उजवीकडे बसविता येत नाही, आणि त्यांच्यावर तशा खुणा असतात. दांड्याच्या टोकावरील आर्म एक घर पुढे-मागे बसला, तरी उंचीत मोठा फरक पडतो. उंची समायोजक बोल्टने ठरते. परंतु दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखेच फेरे फिरविले म्हणजे उंची सारखी होते, असे नाही. फेऱ्यांवर नव्हे तर मापावर भिस्त ठेवावी लागते. बोल्ट आवळल्याने दांडा अधिक ताठ होत नाही. केवळ उभी उंची वाढते आणि चाक खाली जाण्यास उरलेली जागा कमी होते.

कमानपाटे : पाट्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट ॲक्सलवरील बैठकीच्या भोकात नीट उतरला नाही, तर पाट्यांचा संच कलता बसतो. उतरते ठोकळे उलटसुलट बसणे, यू बोल्ट सैल राहणे, शॅकलचा बुश आवळून बसल्याने शॅकल न हलणे आणि एखादा पाटा तडकलेला असणे, ही अन्य कारणे होत. काही गाड्यांत कारखान्यातूनच एका बाजूस पाटे अधिक असतात. जुन्या संचात एकच नवा पाटा घातल्यास, आधीच अधिक बसलेली बाजू बहुधा खालीच राहते. जुने यू बोल्ट ताणले गेलेले असल्याने ते पुन्हा वापरणे धोक्याचे मानले जाते.

अखंड पुढील ॲक्सल : कॉइल स्प्रिंगवरील अशा ॲक्सलला आडवे धरण्यासाठी पॅनहार्ड रॉड असतो. त्याचे एक टोक चासीला व दुसरे ॲक्सलला जोडलेले असल्याने चासी वर गेली की ॲक्सल एका बाजूस ओढला जातो. 800 मिमी लांबीच्या रॉडच्या दोन टोकांत मुळात 100 मिमी उंचीचे अंतर असेल आणि चासी 75 मिमी वर उचलली, तर ॲक्सल सुमारे 13 मिमी बाजूला सरकतो. एका बाजूचा टायर बाहेर डोकावू लागतो आणि गाडी कललेली नसतानाही तशी भासते. हा दोष उंचीचा नव्हे, जागेचा असतो. त्यावर लांबी बदलता येणारा रॉड किंवा रॉडची चासीकडील बैठक खाली आणणारी कंस-पट्टी हा उपाय असतो.

रबरी बुश : कंट्रोल आर्म किंवा पाट्यांच्या डोळ्यांतील रबरी बुश बाहेरील व आतील नळीला चिकटलेले असतात आणि आर्म हलताना रबर पिळले जाते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले, तर रबराची विश्रांतीची स्थिती तीच ठरते. गाडी खाली आली की पिळलेले रबर आर्मला खाली ढकलत राहते व तो कोपरा उंच दिसतो. पुढे रबर फाटते आणि तोच कोपरा खाली येतो. म्हणून हे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच अखेरचे आवळायचे असतात. हा दोष वारंवार आढळतो, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी नवा भाग लागत नाही.

अँटी-रोल बार : डाव्या व उजव्या चाकांना जोडणाऱ्या या दांड्याच्या दुव्यांची लांबी दोन बाजूंना वेगळी झाली, तर तो स्थिर गाडीलाही पिळून धरतो.

वजनाची विभागणी : टॅकोमासारख्या डाव्या हाताच्या सुकाणूच्या गाडीत चालक व इंधनाची टाकी दोन्ही डावीकडे असतात. 2005 ते 2023 या काळातील टॅकोमाची टाकी सुमारे 80 लिटरची होती; ती पूर्ण भरल्यावर पेट्रोलचेच वजन 60 किलोग्रॅमच्या आसपास होते. या गाड्यांचा डावीकडील किंचित कल परिचित आहे आणि तो घालविण्यासाठी डाव्या स्प्रिंगवर सुमारे 6 मिमीचा जादा स्पेसर घालण्याची प्रथा आहे.

चासी व बॉडी : गंजाने खाल्लेली स्प्रिंगची बैठक, दबलेल्या रबरी बैठका व अपघातात पिळलेली चासी ही शेवटची, परंतु सर्वांत गंभीर कारणे होत. केबिन कललेली आहे पण तिच्याखालील चासी समतल आहे, असे आढळल्यास सस्पेन्शन निर्दोष असते.

निदानाचा क्रम

निदान सोप्याकडून अवघडाकडे व विनाखर्चाच्या तपासणीकडून खर्चिकाकडे जावे.

1. टायर, जमीन, सामान व इंधन तपासून चारही मापे लिहून काढावीत.
2. कमानीचे माप व चासीचे माप ताडून पाहावे. चासी समतल असेल, तर शोध बॉडीपुरता मर्यादित होतो.
3. गाडी चाकांवर उभी असताना अँटी-रोल बारचा एक दुवा सोडावा. उंची लक्षणीय बदलली, तर दोष त्या बारच्या जोडणीत आहे.
4. गाडीचे वजन चाकांवर ठेवूनच आर्म, पाट्यांचे डोळे व शॅकल यांचे बोल्ट किंचित सैल करावेत, गाडी हलवून स्थिर करावी आणि बोल्ट ठरलेल्या बलाने पुन्हा आवळावेत.
5. पुढचा व मागचा दोष वेगळा करावा. पुढील चाकांना पुढून व मागून अटकाव लावून मागील ॲक्सलच्या बरोबर मध्याखाली एकच जॅक लावतात व मागील चाके जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकाच तो उचलतात. आता मागील टोक एकाच बिंदूवर टेकल्याने ते चासीला कोणत्याही बाजूस झुकवू शकत नाही. या स्थितीतही पुढील कल तसाच राहिला, तर कारण पुढील स्प्रिंगमध्ये किंवा वजनात आहे. तो नाहीसा झाला, तर मागील पाटे तपासावेत. गाडी एका टेकूवर तोललेली असल्याने या चाचणीत मापे केवळ बाहेरून घ्यावीत आणि कोणीही गाडीखाली जाऊ नये.
6. दोन्ही बाजूंचे भाग एकसारखे असल्यास ते परस्परांत बदलून पाहावेत. कल भागाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला, तर तो भाग सदोष आहे. जागीच राहिला, तर बैठक, चासी किंवा वजन हे कारण आहे.

दुरुस्ती

सदोष भाग सापडल्यास तो बदलणे व चुकीची जोडणी सुधारणे हीच खरी दुरुस्ती होय. स्प्रिंग किंवा पाटे थकलेले असल्यास ते जोडीने बदलतात. एकच नवा घातल्यास कल उलट बाजूस जाण्याचा संभव असतो. जादा स्पेसर हा उपाय कारण निश्चितपणे वजनाचे आहे असे ठरल्यावरच योग्य ठरतो. 6 मिमीचा स्पेसर कागदावर चाकापाशी 12 मिमी देतो. परंतु वर सांगितलेल्या वाटणीमुळे प्रत्यक्षातील वाढ त्याहून कमी असते. म्हणून एकदम मोठा स्पेसर न घालता मापे घेत पुढे जातात.

दुरुस्तीनंतरच्या तपासण्या

उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे व्हील अलाइनमेंट करावे लागते. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा लागतो. अन्यथा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. सुकाणू पूर्ण वळवून व चाके लोंबकळत ठेवून ब्रेकच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे लागते. काही पिकअपमध्ये मागील ॲक्सल व चासी यांतील अंतरावरून मागील ब्रेकचा दाब ठरविणारी झडप असते. गाडी उंच झाल्यावर ती झडप हौदा रिकामा आहे असे समजते व मागील ब्रेकचा दाब कमी करते. म्हणून तिची दांडी नव्याने जुळवावी लागते. अमेरिकेत 2012 च्या मॉडेल वर्षापासून 4,536 किलोग्रॅमपर्यंतच्या वाहनांना इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण अनिवार्य आहे. सुकाणूचा मध्य बिघडल्यास ही यंत्रणाही चुकीचा अर्थ लावू शकते. काहीशे किलोमीटर चालविल्यानंतर यू बोल्ट व इतर बोल्ट पुन्हा आवळून चारही मापे शेवटची नोंदवितात.

सुरक्षितता

दाबलेली कॉइल स्प्रिंग व पिळलेला टॉर्शन बार यांत जीवघेणी ऊर्जा साठलेली असते. स्प्रिंग योग्य कॉम्प्रेसरशिवाय आणि टॉर्शन बार त्यासाठीच्या खास अवजाराशिवाय सोडू नये. उचललेली गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली काम करू नये. चासीखाली मजबूत घोड्या लावाव्यात.

भारतातील स्थिती

भारतात पिकअप हे प्रामुख्याने मालवाहू वाहन आहे. पुढे कॉइल स्प्रिंग व मागे पाटे असलेल्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि 2022 साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स या गाड्यांमुळे येथेही लिफ्टची आवड निर्माण झाली आहे. येथील सुकाणू उजवीकडे असल्याने चालकाच्या वजनाचा कल उजवीकडे संभवतो. मालवाहू गाड्यांत मात्र सतत एका बाजूस अधिक भार लादल्याने त्या बाजूचे पाटे 'बसणे' हे कलाचे नित्याचे कारण आहे, आणि त्याचा लिफ्टशी संबंध नसतो.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांपेक्षा भिन्न होतील असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निर्णयात या तरतुदीचा काटेकोर अर्थ उचलून धरला. त्यामुळे भारतात असे काम करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय व विमा कंपनी या दोहोंकडे चौकशी करणे आवश्यक ठरते.